अख्खा तालुका पाऊण तासात

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत कमी वस्तीचा तालुका. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथे सुमारे ३६ हजार माणसे राहतात. मुंबईत आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोच्या आठ डब्यांच्या एका गाडीत सुमारे अडीच हजार माणसे मावतात. छत्तीस हजारांना अडीच हजारांनी भागले की उत्तर येते साडेचौदाच्या जवळपास, म्हणजे पंधरा गाड्या. दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटते असे धरले, तर पहिली सुटल्यापासून बेचाळिसाव्या मिनिटाला पंधरावी सुटेल. तान्ह्या बाळांपासून काठी टेकत चालणाऱ्या आज्यांपर्यंत तालुक्यातला एकूण एक माणूस पाऊण तासाच्या आत गाडीत बसलेला, खरे तर बहुतेक उभाच, असेल.

गगनबावड्याच्या वर्गात मेट्रोविषयी बोलायचे तर सुरुवात या भागाकारापासून करावी असे आम्हाला वाटते. इथल्या मुलांनी मेट्रो पाहिलेली असते ती बहुधा टीव्हीवर किंवा फोनवर. रेल्वे पाहायची तर एकीकडे पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूर, नाहीतर घाट उतरून वैभववाडी. अशा वर्गात दोन प्रश्न हमखास येतात. मेट्रो म्हणजे साध्या रेल्वेपेक्षा वेगळे काय? आणि आपल्याकडे मेट्रो का नाही? दुसऱ्या प्रश्नाला "ती मोठ्या शहरांसाठी असते" असे उत्तर देऊन आपण पुढे जातो. उत्तर खोटे नाही, पण त्यातून मुलाच्या मनात एवढेच राहते की मोठ्या शहरातली माणसे मोठी. खरे कारण माणसांच्या मोठेपणात नाही, ते दाटीत आहे. आणि दाटीचे गणित नववीच्या भौतिकशास्त्राच्या आणि साध्या गुणाकार-भागाकाराच्या आवाक्यातले आहे.

खडूचा चौकोन

वर्गाच्या फरशीवर खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखा. त्यात सहा मुले उभी करा. खांद्याला खांदा लागेल, पण दप्तर पायाशी ठेवून उभे राहता येईल. आपल्या देशात मेट्रोच्या गाडीची क्षमता सांगताना साधारणपणे हाच हिशेब धरतात : बसायच्या जागा भरल्या की उरलेल्या मोकळ्या फरशीच्या दर चौरस मीटरला सहा उभे प्रवासी. मग आठ मुले उभी करून पाहा, आणि तिथे थांबा. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एवढ्याच जागेत चौदा ते सोळा माणसे असतात. या अवस्थेला रेल्वेने 'सुपर डेन्स क्रश लोड' असे भारदस्त नावही दिले आहे. ते वर्गात करून पाहण्याची गोष्ट नव्हे.

आता रस्त्याशी तुलना करू. एका पदरात दोन मोटारींमध्ये दोन सेकंदांचे अंतर राखायचे म्हटले तर तासाला जास्तीत जास्त १,८०० मोटारी जातील. तेही एकही सिग्नल नसेल तर. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर झाली २,७०० माणसे. मेट्रोच्या एका रुळावरून तीन मिनिटांच्या अंतराने तासाला वीस गाड्या गेल्या तर माणसे होतात पन्नास हजार. जागेची रुंदी जवळपास तेवढीच लागते.

मेट्रोचे खरे काम हे आहे. ती वेगाची गाडी नाही, गर्दीची गाडी आहे. जाहिरातींत मात्र नेमके उलटे दिसते, गाडीचे नाक टोकदार आणि मागे वेगाच्या रेषा.

वेग वाढवून काय मिळते?

दोन स्थानकांमध्ये १,२०० मीटर अंतर आहे असे समजा. गाडीचा कमाल वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. उभ्या माणसाचा तोल जाऊ नये म्हणून गाडीचे त्वरण सेकंदागणिक सुमारे १ मीटर प्रति सेकंद एवढेच ठेवावे लागते. ब्रेक लावतानाही तेच. म्हणजे कमाल वेग गाठायला २२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात सुमारे २४२ मीटर अंतर कापले जाते. थांबतानाही तेवढेच. मधले ७१६ मीटर कमाल वेगाने जायला साडेबत्तीस सेकंद. एकूण झाले साडेशहात्तर सेकंद.

आता दुप्पट वेगाची, ताशी १६० किलोमीटरची गाडी आणू. तिला तो वेग गाठायलाच जवळजवळ एक किलोमीटर लागेल आणि थांबायला आणखी एक. आपल्याकडे अंतर आहे सव्वा किलोमीटरहूनही कमी. तेव्हा अर्धे अंतर वेग वाढवत आणि अर्धे कमी करत जाणे एवढेच शक्य आहे. हिशेब केला तर वेळ येतो सुमारे ६९ सेकंद. कमाल वेग दुप्पट केला आणि वाचले सात सेकंद! हे उदाहरण फळ्यावर जरूर करून दाखवा. वेग आणि त्वरण यांतला फरक त्याने जितका पक्का होतो तितका व्याख्या पाठ करून होत नाही.

सात सेकंद वाचवायचे तर त्याहून स्वस्त उपाय आहे : दारे. एस.टी.च्या एका दारातून पन्नास माणसे दोन पायऱ्या चढून आत जायला, माणशी दोन सेकंद धरले तरी, शंभर सेकंद लागतात. मेट्रोच्या डब्याला एका बाजूला चार रुंद दारे असतात, म्हणजे आठ डब्यांना बत्तीस, आणि फरशी फलाटाच्या बरोबरीने असते. पायरी नाही, पेटी ओढून घेणे नाही. म्हणून अर्ध्या मिनिटात शेकडो माणसे उतरतात आणि शेकडो चढतात. मेट्रोच्या रचनेतली सर्वांत हुशारीची गोष्ट कोणती असे कोणी विचारले तर आम्ही इंजिन किंवा संगणक न म्हणता फलाट म्हणू.

थांबण्याचे तीस सेकंद धरले तर आपल्या उदाहरणातला सरासरी वेग येतो ताशी चाळीस किलोमीटर. प्रत्यक्षात तो आणखी कमी असतो. मुंबईच्या वर्सोवा–घाटकोपर मार्गाचे ११.४ किलोमीटर कापायला २१ मिनिटे लागतात, म्हणजे ताशी ३३ किलोमीटरच्या आतच. घाट सोडून सपाटीला लागलेली एस.टी. याहून वेगाने धावते. पण अंधेरीच्या रस्त्यावर ती धावू शकत नाही, हा मुद्दा आहे.

घाट, चाके आणि वीज

गगनबावड्याच्या मुलांना चढाचे ज्ञान उपजतच असते. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट त्यांच्या दारात आहेत. त्यांना विचारा, लोखंडी रुळावर लोखंडी चाक घाट का चढू शकत नाही?

रबरी टायर कोरड्या रस्त्याला जसा धरून ठेवतो तसे पोलादी चाक पोलादी रुळाला धरत नाही. चाकावर जेवढे वजन असेल त्याच्या साधारण पाव हिश्शाएवढाच जोर ते न घसरता लावू शकते. रूळ ओले असतील तर त्याहूनही कमी. आता १२० टनांचे इंजिन आणि डब्यांसकट एकूण १,२०० टनांची गाडी घ्या. ओढणारी चाके फक्त इंजिनाची, म्हणजे एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाची. त्याचा पाव म्हणजे गाडीच्या वजनाचा चाळिसावा हिस्सा. चाळीस मीटर अंतरात एक मीटर चढ असलेल्या मार्गावर गुरुत्वाकर्षण बरोबर तेवढ्याच जोराने गाडी मागे खेचते. म्हणजे अशी गाडी चाळिसास एक चढावर जागची हलणारच नाही. कर्जत–लोणावळ्याच्या बोरघाटात चढ ३७ मीटरला एक मीटर आहे, आणि म्हणून तिथे मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. कोकण रेल्वे बांधताना चढ १५० मीटरला एक मीटर याहून जास्त ठेवला नाही तो याच कारणाने. त्याची किंमत बोगद्यांत आणि पुलांत मोजली.

मेट्रोला वेगळे इंजिन नसतेच. निम्म्या किंवा त्याहून अधिक डब्यांच्या चाकांना स्वतःच्या विजेच्या मोटारी असतात. त्यामुळे वजनाचा दहावा नव्हे तर निम्मा हिस्सा ओढायच्या कामी येतो. जोर पाचपट झाला. म्हणूनच मेट्रो पंचविसास एक एवढा चढही चढू शकते : खांबांवरून भुयारात उतरते, नदीखालून जाऊन पुन्हा वर येते. आणि म्हणूनच ती दर सव्वा किलोमीटरला थांबून पुन्हा झटकन वेग घेऊ शकते.

पण दर वेळी थांबायचे म्हणजे कमावलेली गतिज ऊर्जा दर वेळी टाकून द्यायची. तीनशे टनांची गाडी सेकंदाला २२ मीटर वेगाने धावत असेल तर तिच्यातली ऊर्जा ७ कोटी ज्यूलहून अधिक, म्हणजे विजेची सुमारे २० युनिटे भरते. महिन्याला शंभर युनिटे जाळणाऱ्या घराची ही सहा दिवसांची वीज, आणि ती प्रत्येक थांब्याला ब्रेकच्या उष्णतेत जाणार! म्हणून थांबताना मोटारी उलट्या कामाला लावतात. चाके मोटारीला फिरवतात, मोटार जनित्र बनते, तयार झालेली वीज तारेत परत जाते आणि जवळपास वेग घेत असलेली दुसरी गाडी ती वापरते. नुकसान शून्य होत नाही, पण बरीच वीज वाचते. या बचतीसाठी दिल्ली मेट्रोची २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंद झाली. अशी नोंद झालेला तो जगातला पहिला रेल्वे प्रकल्प.

याच कामाची एक जुनी आणि देखणी युक्ती आहे. १९०० साली लंडनमध्ये सुरू झालेल्या एका भुयारी मार्गावर प्रत्येक स्थानक मधल्या रुळांपेक्षा थोडे उंचावर बांधले होते. गाडी येताना चढ लागतो, ती आपोआप मंदावते. निघताना उतार लागतो, ती आपोआप वेग घेते. स्थानक फक्त तीन मीटर उंच ठेवले तरी आपल्या उदाहरणातल्या ऊर्जेचा आठवा भाग गुरुत्वाकर्षण सांभाळून घेते. सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही.

दोन गाड्यांमधले अंतर

गर्दी वाढली तर दर अर्ध्या मिनिटाला गाडी का सोडत नाहीत? हेही मोजून पाहता येते. गाडी फलाटावर ३० सेकंद उभी राहते. निघाल्यावर तिची १८० मीटर लांबीची शेपटी फलाट सोडायला सुमारे १९ सेकंद घेते. मागच्या गाडीला वेगातून थांबायला २२ सेकंद हवेत. त्यावर सिग्नलचा आणि सुरक्षिततेचा वेळ म्हणून १५ सेकंद ठेवू. बेरीज झाली ८६. म्हणजे दीड मिनिटाच्या खाली जाणे अवघड, आणि कोणाची पिशवी दारात अडकली तर दोन मिनिटेही कमीच. जुन्या पद्धतीत रुळाचे ठरावीक तुकडे पाडून एका तुकड्यात एकच गाडी असा नियम असे. आता गाडी रेडिओवरून आपली जागा आणि वेग सतत कळवत असते, त्यामुळे मागची गाडी तिच्या मागे सुरक्षित अंतर राखून जवळ येऊ शकते. पण तीस सेकंद उघडी राहणारी दारे कोणत्याही संगणकाने कमी होत नाहीत.

लंडनहून कोकणमार्गे दिल्ली

'मेट्रो' हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ 'आई'. मेट्रोपोलिस म्हणजे मातृनगरी. लंडनच्या पहिल्या भुयारी रेल्वेचे नाव मेट्रोपॉलिटन होते, ती १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली आणि चक्क वाफेच्या इंजिनावर धावत असे. भुयारात धूर किती होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. १८९० साली तिथेच विजेची भुयारी गाडी आली. पॅरिसमध्ये १९०० साली मार्ग उघडला आणि लांबलचक नावाचे 'मेट्रो' झाले.

आपल्याकडे शहरातली गर्दी वाहून नेण्याचे काम मेट्रोच्या कितीतरी आधी मुंबईच्या लोकलने अंगावर घेतले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरची पहिली गाडी धावली. डब्यांत मोटारी, भरपूर रुंद दारे, थोड्या थोड्या वेळाने गाडी : मेट्रोची बहुतेक लक्षणे तिच्यात आहेत. फरक एवढाच की ती लांब पल्ल्याच्या गाड्यांशी रूळ वाटून घेत वाढली.

नावाने मेट्रो म्हणावी अशी पहिली रेल्वे कोलकात्याची. १९७२ साली पायाभरणी झाली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा साडेतीन किलोमीटरहून थोडा कमी टप्पा उघडला. रस्ता वरून खणायचा, पेटीसारखे भुयार बांधायचे आणि पुन्हा बुजवायचे, अशी पद्धत बहुतांशी वापरली. शहर वर्षानुवर्षे खणलेले राहिले. डमडम ते टॉलीगंज हा सुमारे साडेसोळा किलोमीटरचा पूर्ण मार्ग सुरू व्हायला १९९५ उजाडले. तेवीस वर्षे! मेट्रो म्हणजे न संपणारे काम अशी समजूत या काळात देशभर झाली असेल तर त्यात नवल नाही.

ही समजूत मोडली ती दिल्लीने, आणि त्या गोष्टीची एक वाट गगनबावड्याच्या पायथ्यावरून जाते. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा, वैभववाडीवरून जाणारा तो मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्णपणे खुला झाला. स्वतंत्र महामंडळ, जागेवरच निर्णय घेण्याची मोकळीक, उलट्या क्रमाने दिवस मोजणारे वेळापत्रक, ही कार्यपद्धती घेऊन श्रीधरन दिल्लीला गेले. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी हा सुमारे आठ किलोमीटरचा टप्पा उद्घाटित झाला, आणि २००६ च्या अखेरीपर्यंत ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा पुरा झाला. दिल्लीचे पहिले मार्ग रेल्वेच्या रुंद मापाचे, १,६७६ मिलिमीटरचे आहेत. पुढचे मार्ग जगभर चालणाऱ्या १,४३५ मिलिमीटर मापावर बांधले, कारण त्या मापाच्या गाड्या बाजारात सहज मिळतात आणि वळणे थोडी आखूड घेता येतात.

मग रांगच लागली. बंगळूर २०११, मुंबई २०१४, चेन्नई आणि जयपूर २०१५, कोची, लखनौ आणि हैदराबाद २०१७, अहमदाबाद आणि नागपूर २०१९, पुणे २०२२, नवी मुंबई २०२३. जानेवारी २०२५ मध्ये देशातल्या मार्गांची एकूण लांबी, दिल्लीकडची 'नमो भारत' गाडी धरून, एक हजार किलोमीटरच्या पुढे गेली.

मुंबईचा पहिला मार्ग कुठे आखला ते नकाशावर पाहण्याजोगे आहे. मुंबईच्या लोकल उत्तर-दक्षिण धावतात, कारण मूळ बेटांची लांबी तशी आहे. पूर्व-पश्चिम जायचे तर रस्त्याशिवाय गती नव्हती. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा ८ जून २०१४ रोजी सुरू झालेला मार्ग पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या दोन गर्दीच्या स्थानकांना आडवा जोडतो. शिडीच्या दोन उभ्या बाजू होत्याच. पहिली पायरी आता बसली. प्रवासी शोधत जावे लागले नाही, ते दोन्ही टोकांना उभेच होते. नागपूरला शिडी नव्हती, रस्ते मात्र रुंद होते. तिथे गड्डीगोदामजवळ रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार मजले एकावर एक चढले आहेत. बांधकाम म्हणून ते पाहण्यासारखे आहे यात शंका नाही.

पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला. तो मुठा नदीखालून आणि जुन्या पेठांखालून जातो. मुंबईचा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात तीन टप्प्यांत पूर्ण झाला, आणि त्याची २७ पैकी २६ स्थानके जमिनीखाली आहेत. या दोन्ही ठिकाणी खोदणाऱ्या यंत्रांना मुख्यतः लागला तो अग्निजन्य काळा दगड, म्हणजे करूळ घाटाच्या कापलेल्या भिंतींत दिसतो त्याच जातीचा बेसाल्ट. यंत्र म्हणजे जमिनीत आडवा सरकणारा लोखंडी दंडगोल : पुढचे फिरते तोंड दगड कुरतडते, मागे काँक्रीटचे वाकडे तुकडे जोडून कडे बसवले जाते आणि त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकते. वर रस्त्यावर खबरही लागत नाही. खोदणे हा निम्मा भाग झाला, उरलेला निम्मा पाण्याचा. २६ मे २०२५ च्या पावसात मुंबईच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात, ते सुरू होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते तोच, बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडून पाणी शिरले. जमिनीखालचे स्थानक म्हणजे पावसाच्या दृष्टीने एक विहीर असते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गगनबावड्याला हे वेगळे सांगायला नको.

मग आपल्याकडे का नाही?

मुंबईच्या या भुयारी मार्गाचा सुधारित खर्च ३७,२७६ कोटी रुपये. भागाकार केला तर किलोमीटरला १,१०० कोटींच्या वर. पुण्याचा पहिला टप्पा, जो बहुतेक खांबांवर आहे, मंजुरीच्या वेळी ३१.२५ किलोमीटरला ११,४२० कोटींचा होता, म्हणजे किलोमीटरला ३६५ कोटी. एक बस अर्ध्या कोटीची धरली तर एका किलोमीटर भुयाराच्या पैशात दोन हजारांहून अधिक बसगाड्या येतात. ही तुलना थोडी अन्यायाची आहे. बसला चालक लागतात, इंधन लागते, ती दहा-बारा वर्षांत मोडीत निघते आणि मुख्य म्हणजे दादरला दोन हजार बसगाड्या उभ्या करायला जागा नाही. भुयार शंभर वर्षे टिकते. पण पन्नास हजारांसाठी बांधलेल्या मार्गावरून तासाला पाच हजारच गेले, तर माणशी खर्च दहापट होतो, हेही तितकेच खरे.

कोल्हापूर शहराचा हिशेब मुलांकडून करून घ्या. २०११ साली शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. त्यांतले दहा टक्के गर्दीच्या एका तासात बाहेर पडतात असे धरा : ५५ हजार. ते आठ मुख्य रस्त्यांवर वाटले गेले तर रस्त्यामागे सुमारे सात हजार, आणि एका दिशेला साडेतीन हजार. साठ माणसांची बस दर मिनिटाला एक सुटली तर तासाला ३,६०० माणसे नेते. म्हणजे कोल्हापूरची गरज वेळेवर धावणाऱ्या भरपूर बसगाड्या भागवतात. आकडे बदलून पाहा, शहर दुप्पट करा. मेट्रोचा आकडा तरीही दूरच राहतो.

सरकारी धोरणातही हा विचार आहे. २०१७ च्या मेट्रो धोरणाने अशी अट घातली की आधी बस, ट्राम वगैरे पर्याय तपासावेत आणि समाजाला मिळणारा परतावा किमान १४ टक्के दिसावा. तरी २०२२ साली संसदेच्या स्थायी समितीला अनेक शहरांतली प्रवासीसंख्या अंदाजापेक्षा बरीच कमी आढळली. आमच्या मते यामागे एक कारण असे, की आपण मेट्रोला गर्दीचे औषध न मानता शहराच्या प्रतिष्ठेचा दागिना मानू लागलो. स्थानकापर्यंत पोचायला बस नाही, पदपथ नाही, आणि वर खांबांवरून चकचकीत रिकामी गाडी जाते.

त्या परताव्याच्या हिशेबात एक गोष्ट शिक्षकांनी मुलांच्या नजरेला आणावी. वाचलेल्या वेळेची किंमत धरतात ती बेरीज करून. तीन लाख प्रवाशांची रोज दहा मिनिटे वाचली तर होतात पन्नास हजार तास. गगनबावड्याच्या एखाद्या वाडीतली शंभर माणसे एस.टी.साठी रोज दोन तास खोळंबत असतील, तर तो सगळा खोळंबा नाहीसा करूनही बेरीज होते अवघी दोनशे तास. गणितात दोनशे हा पन्नास हजारांपुढे काहीच नाही. पण मुंबईत एकाचे दहा मिनिटे वाचतात आणि इथे एकाचे दोन तास जातात, हे त्या बेरजेत कुठेही दिसत नाही. तेव्हा "आपल्याकडे मेट्रो का नाही" याला "कारण गर्दी नाही" हे उत्तर बरोबर आहे. "आपल्याकडे वेळेवर गाडी का नाही" याला मात्र ते उत्तर चालत नाही.

रेल्वेचे म्हणाल तर कोल्हापूरला ती १८९१ साली मिरजेहून आली आणि पश्चिमेकडे पुढे सरकली नाही. वैभववाडी–कोल्हापूर हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला खरा, पण गाडी अजून धावलेली नाही. घाटमाथा ते वैभववाडी उंचीचा फरक पाचशे मीटर धरा, चढ शंभरास एक ठेवा, आणि रूळ किती लांब फिरवावा लागेल ते काढा. पन्नास किलोमीटर आले की मुले आपणहून बोगद्याविषयी विचारतील.

वर्गासाठी एक उद्योग सुचवतो. कोल्हापूर–गगनबावडा रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, सकाळी सात ते आठ मुलांना बसवा. दुचाकी, मोटार, जीप, ट्रक, एस.टी. असे रकाने करून दोन्ही दिशांची वाहने आणि त्यांतली माणसे मोजा. एकदा जुलैत, एकदा डिसेंबरात, एकदा बाजाराच्या दिवशी. एका दिशेच्या माणसांना साठाने भागले की तासाला किती बसगाड्या पुरतील ते कळेल. शेवटी आणखी एक रकाना ठेवा : थांब्यावर उभी असलेली माणसे, आणि प्रत्येकजण किती मिनिटे उभा होता. वाहने मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत हा रकाना नसतो, त्यामुळे तो मुलांनाच आखावा लागेल.